एसक्यूएलअल्केमी (पायथनमधून डेटाबेस वापरायची लायब्ररी): सबक्वेरीशी (क्वेरीच्या आतल्या क्वेरीशी) रिलेशनशिप, म्हणजे दोन क्लासमधला दुवा, कशी जोडायची?

मुलुंडकर: सोसायटी मेंटेनन्सचं ॲप करतोय, प्रत्येक फ्लॅटचं फक्त शेवटचं बिल रिलेशनशिपमधून हवंय, रो नंबरवाली (फ्लॅटच्या बिलांना नव्यापासून क्रमांक देणारी) सबक्वेरी तयार आहे पण रिलेशनशिप ती घेतच नाही, आणि दर वेळी सगळी बिलं लोड करणं परवडत नाही हो. काय करू?

दादरकर: सबक्वेरी थेट देऊ नकोस, आधी बिल क्लासवर एलियस्ड करून (सबक्वेरीला बिल क्लासचं दुसरं नाव देऊन) तो एलियस दे, एसक्यूएलअल्केमीच्या १.३ आवृत्तीपासून चालतं. प्रायमरीजॉईनमध्ये (जोडणीच्या अटीत) फ्लॅट आयडी जुळव, रो नंबर १ ची अट पण तिथेच. यूजलिस्ट फॉल्स, म्हणजे यादीऐवजी एकच बिल मिळेल. आणि व्ह्यूओन्ली ट्रू ठेवच, ही वाट फक्त वाचायची आहे, नवीन बिल नेहमीच्या रिलेशनशिपमधूनच टाक.

मुलुंडकर: चाललं, खूप थँक्स! जुन्या कोडमधला नॉन-प्रायमरी मॅपर (एकाच क्लासला दुसरं मॅपिंग द्यायची जुनी पद्धत) ठेवू का?

गिरगावकर: काढ, तो १.३ लाच डेप्रिकेट झाला (वापरू नका असं जाहीर झालं). लिस्टच्या पानावर सिलेक्टइनलोड (सगळ्या फ्लॅटची बिलं एकत्र आणायचा पर्याय) लाव, नाहीतर फ्लॅटगणिक वेगळी क्वेरी जाईल.