एकाच्या कोशरसाठी सगळ्यांनी जास्त का मोजायचं?

हडसनकाठी (धागाकर्ता)

आमच्या टीममध्ये एक सहकारी कडक कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, पाळतो. माणूस सज्जन, कामाला वाघ, तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. पण कुणाचा निरोप समारंभ असो की डिसेंबरातलं जेवण, आमच्या मॅनेजरबाई डोळे मिटून मिडटाऊन मॅनहॅटनमधलं कोशर स्टेकहाउस ठरवून मोकळ्या होतात. कंपनी देते ती रक्कम तिथे स्टार्टरमध्येच संपते. वरचं आम्ही वाटून भरतो.

बरं, एवढे मोजून मिळतं काय? फिले मिन्यॉन, सरलॉइन बहुतेक ठिकाणी मेनूवरच नसतं. हे तुकडे येतात जनावराच्या मागच्या भागातून आणि तिथली निषिद्ध नस आणि चरबी काढायला कसबी माणूस लागतो. अमेरिकेत ती उठाठेव सहसा कुणी करत नाही, तो भाग सरळ बिगरकोशर बाजारात जातो. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून मॅश केलेल्या बटाट्यात लोणी नाही, कॉफीत दूध नाही आणि शेवटी येतं ते आईस्क्रीम सोयाचं नाहीतर नारळाचं.

माझं मत सरळ आहे: पथ्य ज्याचं, तोशीस त्याला. दोन आवरणांत सीलबंद केलेलं कोशर जेवण मागवता येतं, विमानात देतात तसं. ते त्याच्यापुढे ठेवा आणि बाकीच्यांना मोकळं सोडा. बोला.

क्वीन्सवाली

असहमत. तुमचं भांडण कोशरशी नाही, मिडटाऊनच्या भाड्याशी आहे. तिथे बिगरकोशर स्टेकहाउसात तरी कोण स्वस्तात जेवून बाहेर पडलंय?

एकदा क्वीन्समध्ये फॉरेस्ट हिल्सला १०८व्या रस्त्यावर या. ताश्कंद, समरकंद, बुखाऱ्याकडून आलेल्या बुखारी ज्यूंची हॉटेलं आहेत. सगळा कारभार कोशर. शाशलिक सळीच्या हिशेबाने मिळतं: कोकराचं, कोंबडीचं, कलेजीचं. हातभर लांब चपटी सळी थेट ताटात येते, वर कच्च्या कांद्याच्या चकत्यांचा ढीग. गाजर-मांसाचा प्लोव हा नावाने आणि गुणाने पुलावच. लगमान नावाचं शेवयांचं दणदणीत सूप एकट्याला संपत नाही. शिवाय कोपऱ्यात हमखास कुणाचा तरी वाढदिवस चालू असतो आणि एक गृहस्थ कीबोर्डवर रशियन गाणी लावून कान किटवतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

दूध तिथेही नाहीच, पण त्या जेवणात कुणाला आठवतही नाही.

तर्कटराव

पैसे कुठे जातात ते आधी बघू, मग कुणी भरायचे ते ठरवा.

जनावर कापणारा शोखेत हा धर्मशास्त्र शिकलेला, परवाना असलेला माणूस. कापल्यावर फुप्फुसं तपासतात, चिकटलेले पापुद्रे सापडले तर ते मांस ‘ग्लाट’, म्हणजे कडक कसोटीला उतरणारं, ठरत नाही आणि न्यूयॉर्कातली बहुतेक मांसाहारी कोशर हॉटेलं ग्लाटच घेतात. मग मांस अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, मग धुणं. हे सगळं हॉटेलच्या दारात पोचण्याआधीचं.

हॉटेलात माशगियाख म्हणजे देखरेख करणारा ज्यू माणूस. तो स्वयंपाकी नाही, मालकही नाही. सकाळी शेगडी तो पेटवणार. अंडी एकेक करून पेल्यात फोडली जातात, रक्ताचा ठिपका दिसला की अंडं कचऱ्यात. लेट्यूसची पानं पाण्यात बुडवून, एकेक उजेडासमोर धरून किडे बघायचे. स्ट्रॉबेरीचं डोकं छाटायचं. ब्रोकोलीचे तुरे तर काही ठिकाणी ठेवतच नाहीत, कारण त्यातला किडा शोधायला लागणाऱ्या वेळाची मजुरी भाजीहून जास्त. या माणसाचा पगार, वर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची फी.

आणि सगळ्यांत मोठा खड्डा: शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शुक्रवारी दुपारनंतर शटर खाली, ते शनिवारी अंधार पडेपर्यंत. हॉटेलधंद्यात कमाईची रात्र म्हणजे शुक्रवारची. हिवाळ्यात सूर्य पाचाच्या आत मावळतो म्हणून शनिवारची रात्र तरी हाती लागते, जूनमध्ये तीही नाही. वल्हांडणाच्या सणात तर आठ दिवस बंद, नाहीतर अख्खं स्वयंपाकघर घासूनपुसून, भांडी बदलून नव्याने मांडायचं. भाडं मात्र महिन्याच्या सगळ्या दिवसांचं.

हडसनकाठी

तर्कटराव, माहितीबद्दल आभार, पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. म्हणजे मी चवीचे पैसे भरत नाही, देखरेखीचे भरतो. ती देखरेख मला नको असताना.

आणि तिला अंत नाही. २००४ साली या शहरात नळाच्या पाण्यावरून वाद झाला होता, आठवतो का? न्यूयॉर्कचं पाणी बरंचसं गाळल्याशिवाय येतं, त्यात कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव असतात. ते कोळंबी-खेकड्याच्या जातकुळीतले, म्हणजे निषिद्ध. झालं, रब्बींमध्ये, म्हणजे ज्यू धर्मगुरूंमध्ये, खल सुरू, पाणी प्यावं की नाही! कित्येक हॉटेलांनी नळाला गाळण्या बसवल्या. त्या गाळण्यांचे पैसे कुणाच्या बिलात गेले असतील?

तर्कटराव

त्याच वादात दुसऱ्या रब्बींनी सांगितलं होतं की जे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही त्याची शास्त्राला फिकीर नाही. तेही सांगा की.

गवारीची शेंग

मी शाकाहारी, आणि या शहरात कोशर पाटी मला देवासारखी भेटली आहे. साध्या हॉटेलात ‘सूप व्हेज आहे का’ विचारलं की वेटर मनापासून हो म्हणतो आणि सूप चिकनच्या पाण्यातलं असतं. कोशर डेअरी हॉटेलात, म्हणजे दूधवाल्या हॉटेलात, कोंबडी-बोकड आत येऊच शकत नाही. पिझ्झा, पास्ता, सूप, काहीही डोळे मिटून मागवा.

फक्त नव्या लोकांसाठी धोक्याची सूचना. मासे आणि अंडी त्यांच्या हिशेबात मांसात मोडत नाहीत. दूधवाल्या हॉटेलात सामन, ट्यूना सर्रास मिळतो. पाकिटावर ‘पारेव’ लिहिलंय म्हणजे दूध नाही आणि मांस नाही, एवढंच. अंडं असू शकतं, मासाही. आमच्याकडे आलेल्या सासूबाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी शेजारच्या ताटातला मासा बघून त्यांची भूक गेली ती गेलीच.

चायनाटाउनमध्ये मॉट स्ट्रीटवरचं बुद्धा बोडाय पूर्ण शाकाहारी आणि कोशरही. हडसनकाठी, तुमचा सहकारी, मी आणि तुम्ही तिघं एका टेबलावर बसू शकू. तुम्हाला स्टेक मिळणार नाही, त्याला इलाज नाही.

सडेतोड

सगळे फारच गोड बोलताय. कोशर म्हणजे आपलं सोवळंच, फक्त क्रेडिट कार्ड घेणारं. आपल्या आज्यांनी पाळलं की बुरसटलेल्या आणि मॅनहॅटनमध्ये पाळलं की संस्कृती?

तर्कटराव

साफ असहमत. सोवळ्यात प्रश्न असतो माणसाचा: कोण शिवलं, कुणाची सावली पडली. कोशरमध्ये प्रश्न पदार्थाचा आणि भांड्याचा. न्यूयॉर्कच्या कोशर स्वयंपाकघरात दिवसभर कढया हलवतात ते मेक्सिकन आणि बांगलादेशी लोक. त्यांच्या हातचं सगळे खातात. टेबलावर बसणाऱ्याला तर जात-धर्म कुणी विचारतच नाही.

सडेतोड

मग शेगडी ज्यू माणसानेच का पेटवायची? तुम्हीच वर लिहिलंत. आणि वाइन? ती बाटली मी उघडून ओतली तर कडक पाळणारा पीत नाही. हा प्रश्न द्राक्षांचा की माझ्या हाताचा?

शनिवार तेली

आयडीवरून ओळखलंच असेल. बेने इस्रायल, मूळ अलिबागकडचे, घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने हे नाव दिलं. आता न्यूयॉर्ककर.

सडेतोड, वाइनचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मी सारवून घेणार नाही. तो नियम मूर्तीला वाहिलेल्या मद्यापासून सुरू झाला, पुढे एकत्र पिण्यातून सोयरिकी होऊ नयेत म्हणून टिकवला. शेगडीच्या नियमामागेही सोयरिकीचंच कारण. मला स्वतःला खटकतो. पण तेवढ्यावरून सगळं कोशर म्हणजे सोवळं हे टोक झालं. आमच्या घरी मटणाला नारळाचं दूध, दही कधीच नाही. बाजारातून पापलेट यायचं, कोळंबी नाही. हे शेजारच्या कोळिणीला माहीत होतं, तीच आईला ‘हे तुमचं नाही’ म्हणून पाटी पुढे सरकवायची. शिवाशिवीचा त्यात वासही नव्हता.

ठाण्यात वडील बाहेर जेवायला नेत ते उडुप्याकडे. न्यूयॉर्कला आलो आणि पाहतो तर तोच तोडगा इथेही: लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूच्या आसपास, ज्याला करी हिल म्हणतात तिथे, मद्रास महाल, पोंगल, चेन्नई गार्डन अशी दक्षिण भारतीय शाकाहारी हॉटेलं कोशर प्रमाणपत्र लावून चालायची. भिंतीवर गणपती, गल्ल्यामागे रब्बीचं सही केलेलं प्रमाणपत्र आणि शेजारच्या टेबलावर काळ्या टोप्या घातलेलं कुटुंब हाताने मसाला डोसा मोडतंय.

आता धागाकर्त्यांना. सीलबंद डबा पुढे ठेवा म्हणता, ठीक, आम्ही खातो. पण तो खाण्याचा अनुभव असा: तुमच्या प्लेटा वाफाळत येतात, आमचा ट्रे कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये तापवून आणतं, प्लास्टिकच्या सुरीने दोन फॉइल फाडताना सगळे सहानुभूतीने बघतात आणि आत भात मधोमध थंडच असतो. ज्याचा निरोप समारंभ आहे त्याच्याऐवजी गप्पा माझ्या ट्रेवर. याला मी तरी सोय म्हणत नाही. त्यापेक्षा घरून खाऊन येईन आणि सोडा पीत बसेन. बहुतेक जण तेच करतात. तुमच्या सहकाऱ्याला काय हवंय ते विचारलंत का?

हडसनकाठी

विचारलं ना. तो म्हणतो, ‘तुम्ही कुठेही जा, मी येऊन बसेन.’ ऐकत नाहीत त्या मॅनेजरबाई. त्यांना सर्वसमावेशक दिसायचं असतं, आमच्या खर्चाने.

क्वीन्सवाली

मग धाग्याचं नाव बदला. कोशरने तुमचं काय घोडं मारलंय? मॅनेजरबाईंना सांगा, वरची रक्कम कंपनीने द्यावी.

वकिलीण

कायद्याची बाजू राहतेय म्हणून लिहिते. ‘कोशर’ म्हणून विकलेलं खरोखर कोशर आहे का, हे न्यूयॉर्क राज्य १९१५ पासून बघत होतं. कायद्यात कसोटी होती ऑर्थोडॉक्स, म्हणजे कडक सनातनी ज्यू, परंपरेची आणि तपासायला सरकारी निरीक्षक. लाँग आयलंडवरच्या कोमॅक गावच्या कोशर खाटकांना ऑर्थोडॉक्स नव्हे, तर कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बीची देखरेख होती. ते कोर्टात गेले. २००० साली फेडरल न्यायाधीशांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला, २००२ मध्ये अपील कोर्टाने तेच कायम केलं. कोशर म्हणजे काय हे सरकार ठरवू शकत नाही, कारण मग सरकार एका पंथाची बाजू घेतं. २००४ च्या नव्या कायद्याने विक्रेत्यावर एवढंच बंधन ठेवलं की माल कोशर असल्याचं कोण प्रमाणित करतं, ते जाहीर करावं. खात्री पटवून घ्यायची ती गिऱ्हाइकाने.

म्हणून ‘कोशर हॉटेल’ ही एकच चीज नाही. हाउस्टन स्ट्रीटवरचं कॅट्झ, १८८८ पासूनचं, तिथलं पास्त्रामी (मसाला लावून धुरी दिलेलं गोमांस) जगप्रसिद्ध, पण ते कोशर नाही. मांसावर चीज घातलेलं रूबेन सँडविच खुशाल मिळतं. सेकंड अॅव्हेन्यू डेली, १९५४ चं, त्याला प्रमाणपत्र आहे, दूध-मांस एकत्र नाही, पण शनिवारी उघडं असतं, म्हणून बरेच ऑर्थोडॉक्स लोक तिथे जेवत नाहीत. करी हिलच्या प्रमाणपत्रांवरही असेच मतभेद. हडसनकाठी, सहकाऱ्याला ‘कोशर चालेल का’ विचारून भागत नाही, ‘कुणाचं प्रमाणपत्र चालतं’ ते विचारा. ओयू, ओके, कोफ-के, स्टार-के या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था, शिवाय स्थानिक रब्बी, सगळी आपापली वेगळी दुकानं.

सडेतोड

म्हणजे ज्याच्यासाठी बारा जणांनी जास्त मोजायचे, तोच शेवटी प्रमाणपत्र बघून म्हणणार, ‘हे नाही चालत.’ हडसनकाठींच्या मताला +१.

शनिवार तेली

म्हणूनच आधी विचारायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

हडसनकाठी

माझं मत जागचं हललेलं नाही: पर्याय असताना महागडी जागा सगळ्यांवर लादू नये. पण फॉरेस्ट हिल्सचा पर्याय बाईंपुढे ठेवतो. क्वीन्सवाली, कधी जावं? आणि आमच्यातल्या एकाला वाइन न्यायची असते, चालेल का?

क्वीन्सवाली

बुधवार-गुरुवार गाठा. शनिवारी रात्री जाऊ नका, शब्बाथ सुटल्यावर अख्खं क्वीन्स तिथे लोटतं. सबवेच्या फॉरेस्ट हिल्स स्टेशनवर उतरून थोडं चालायचं. प्रमाणपत्राचा फोटो हॉटेलकडून आधीच मागवून सहकाऱ्याला दाखवा. घरची बाटली कुठेच आत नेऊ नका, तिथलीच घ्या.

शनिवार तेली

आणि लेबलवर ‘मेवुशाल’ लिहिलेली घ्या. ती वाइन तापवलेली असते, मग कुणीही ओतली तरी चालते. सडेतोड, तुम्हीसुद्धा.