प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस घरी बदलायचे आहेत, प्रेस नाही, फक्त व्हाइस आहे

जुना_शाफ्ट:
गाडी जुनी, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांवर. शाफ्ट एकाच तुकड्याचा, दोन्ही टोकांना क्रॉस (अधिक-चिन्हाच्या आकाराचा सांधा, चार टोकांवर चार कप), सर्क्लिप (कप जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) योकच्या (क्रॉस धरणाऱ्या दोन कानांच्या भागाच्या) बाहेरच्या बाजूने. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'टक्' येतो, रिव्हर्सला परत 'टक्'. हळू चालवताना चिवचिव ऐकू येते आणि वेगाबरोबर ती भरभर होते. मागच्या क्रॉसच्या कपांभोवती लालसर भुकटी दिसते. क्रॉसच गेलाय की डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा), हे खात्रीने कसं ठरवायचं? ५ इंची व्हाइसवर कप निघतील का? आणि नवीन क्रॉस बसवल्यावर सांधा जड फिरला तर तो चालवून मोकळा होतो का?

पाना_सतरा:
लाल भुकटी म्हणजे आतलं ग्रीस संपून सुया (कपातले बारीक रोलर) गंजल्यात. चिवचिवही त्याचीच. 'टक्' मात्र डिफरन्शियलच्या ढिलाईनेही येतो, म्हणून तपासून घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, एक हात शाफ्टवर, दुसरा फ्लँजवर (शाफ्ट जिला बोल्टने जोडलाय ती डिफरन्शियलची तबकडी), आणि दोन्ही उलट दिशांना पिळा. क्रॉसच्या जागीच हालचाल दिसली तर क्रॉस गेला. शाफ्ट आणि फ्लँज एकत्र थोडे फिरून थांबत असतील तर ती पिनियनची (डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरची) ढिलाई, आणि थोडी असणं स्वाभाविक आहे. त्यानंतर शाफ्ट वर-खाली हलवून पाहा. चांगल्या क्रॉसला त्या दिशेने हाताला जाणवेल असा खेळ नसतो.

शाफ्ट खोलण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. शाफ्ट सुटला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी थांबून राहत नाही, कारण इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. काही जुन्या चारचाकी-ओढ गाड्यांत तर हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर, म्हणजे शाफ्टमार्फतच काम करतो. सपाट जमीन, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि गाडी जॅकवर नाही, स्टँडवर.

मग फ्लँज आणि योक यांच्यावर सेंटर पंचने खुणा करा. स्प्लाइनचा (लांब दात्यांचा) सरकता जोड असेल तर त्याच्या दोन्ही भागांवरही करा. पुढचं टोक थेट गिअरबॉक्समध्ये जात असेल तर ते काढताच तेल गळेल, बूच आणि भांडं हाताशी ठेवा.

व्हाइसवर_काम:
व्हाइस पुरेल. दोन सॉकेट लागतील: एक कपाच्या व्यासापेक्षा किंचित लहान, ढकलायला, दुसरा कप आत मावेल इतका मोठा, झेलायला. आदल्या रात्री चारही कपांवर गंज सोडवणारं तेल सोडा. सर्क्लिप निघत नसेल तर कपावर ड्रिफ्ट (ठोकायचा धातूचा दांडा) ठेवून आत हलका ठोका द्या, सर्क्लिपवरचा दाब सुटतो.

व्हाइस आवळत गेलात की समोरचा कप मोठ्या सॉकेटमध्ये बाहेर येतो. तो पूर्ण निघणार नाही. बाहेर आलेला भाग व्हाइसच्या जबड्यात धरून योक हलवत वर काढा. मग शाफ्ट उलटा करून तसंच दुसऱ्या बाजूने. शाफ्टची नळी मात्र व्हाइसमध्ये कधीही आवळू नका, पातळ पत्रा दबला की बॅलन्स गेला. योकच्या कानावर मोठ्या हातोडीने घाव घालण्याचाही मी कडक विरोधक आहे. कान आत वाकले की दोन्ही भोकं एका रेषेत राहत नाहीत, आणि नवा क्रॉस कितीही चांगला असला तरी अडकूनच फिरतो.

नवीन क्रॉस आणण्याआधी व्हर्नियरने दोन मापं घ्या: कपाचा बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या पाठींमधली लांबी. व्यास सारखा पण लांबी वेगळी असे क्रॉस मिळतात, आणि नुसत्या डोळ्यांना ते एकच वाटतात.

जुना_शाफ्ट:
मागचा क्रॉस काढला, नवीन बसवतोय. तीन कप बसले, चौथा सर्क्लिपच्या खाचेपासून साधारण दीड-दोन मिलिमीटर आधीच थांबतोय. आणखी जोर लावू का?

पाना_सतरा:
थांबा, जोर लावू नका. एक सुई आडवी पडून कपाच्या तळाशी गेली आहे. हीच चूक सगळ्यात जास्त होते. जोर लावलात तर सुई तुटेल किंवा कपाचा तळ फुटेल. कप काढा, सुया मोजा, घट्ट ग्रीसने भिंतीला उभ्या चिकटवा.

बसवताना क्रॉसचं टोक त्या कपात आधीच थोडं शिरलेलं असू द्या, म्हणजे सुयांना आधार राहतो. व्हाइस थोडं आवळलं की क्रॉस हाताने हलवून पाहा, पुन्हा आवळा. सर्क्लिपच्या खाचेतला गंज आणि भोकाच्या कडेची बर (उचललेली धारदार कडा) पॉलिश पेपरने साफ केलीय ना? खाचेत कचरा राहिला तरी सर्क्लिप पूर्ण बसत नाही, आणि अर्धवट बसलेला सर्क्लिप उडाला तर कप चालत्या गाडीत बाहेर येतो.

व्हाइसवर_काम:
जड फिरण्याबद्दल: चालवून तो मोकळा होत नाही, सुया तापून खराब होतात. सगळ्या सर्क्लिप बसल्यावर तांब्याच्या किंवा प्लास्टिकच्या हातोडीने योकच्या कानांवर हलके ठोके द्या, कप सर्क्लिपला टेकून बसतात आणि क्रॉस मोकळा होतो. सीलमुळे सगळीकडे सारखी थोडी घट्टाई चालेल. एकाच जागी अडकत असेल तर पुन्हा खोला.

निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेला क्रॉस असेल तर निपल शाफ्टच्या नळीकडे वळलेलं ठेवा, ग्रीसची गन पोहोचते. एनएलजीआय २ प्रतीचं (घट्टपणाचा क्रमांक) लिथियम ईपी (जास्त दाब सोसणारं) ग्रीस, चारही सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत. एका कपातून येत नसेल तर सांधा हलवत पुन्हा भरा.

शेवटी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का ते पाहा. कोनात फिरणारा एक क्रॉस दर फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो, दुसरा तो भरून काढतो, पण योक एका रेषेत असले तरच. स्प्लाइन एक दात जरी चुकली तरी गाडी वेगात थरथरते, आणि दोष नव्या क्रॉसला दिला जातो. फ्लँजचे नट नवे सेल्फ-लॉकिंग घ्या आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा.