‘इनटू द वाइल्ड’मधली नदी आणि नासलेलं मांस

प्रश्न: साताऱ्यात ट्रेकच्या मुलांना ‘इनटू द वाइल्ड’ (२००७) हा चित्रपट दाखवायचाय. त्यातल्या ख्रिसने एप्रिलमध्ये सहज ओलांडलेली अलास्कातली टेकलानिका नदी जुलैत त्याला का अडवते? आणि त्याने मारलेल्या मूसचं (मोठ्या हरणाचं) मांस का नासतं?

उत्तर १: ती हिमनदीच्या पाण्यावर वाहते. आपले कासचे ओढे पावसाने फुगतात, ती उन्हाने. पहाटे पाणी कमी, संध्याकाळी चढतं. प्रवाहाच्या दिशेने थोडं खाली, तारेवरून नदीपार नेणारा, हाताने ओढायचा पाळणा होता. नीट नकाशा नसल्याने ख्रिसला ते कळलंच नाही. मुलांना हे ठासून सांगा!

उत्तर २: जाड तुकडे धुरात बाहेरून सुकतात, आत ओलेच राहतात. तोवर माश्या अंडी घालतात. चरबी काढून अर्ध्या बोटाच्या जाडीच्या पट्ट्या त्याच दिवशी वाऱ्यावर टांगायच्या.

उत्तर ३: चांदोलीत प्रयोग नको. व्याघ्र प्रकल्प आहे, वनखात्याची परवानगी लागते.