पोर्तोला जातोय, पोर्ट वाईन कुठे चाखू?

दादरहून: मंडळी, मी नि बायको मुंबईहून पोर्तुगालमधल्या पोर्तोला चाललोय, हातात एकच मोकळा दिवस आहे, पोर्टची द्राक्षं पिकतात त्या डोरो नदीच्या खोऱ्यात जावं की शहरातच टेस्टिंग करावं?

पार्ल्याहून: खोऱ्यात जाच! खोऱ्यातल्या पिन्याओं गावाची ट्रेन पकडा नि जाताना उजवीकडची खिडकी धरा, नदी अगदी रुळांना खेटून वाहते, पिन्याओं स्टेशनच्या भिंतींवर निळ्या टाइल्समध्ये द्राक्षतोडणीची चित्रं आहेत, आम्ही तिथेच अर्धा तास रमलो. पोर्ट वाईनसाठी १७५६ मध्ये हद्द आखून दिलेला प्रदेश आहे हा!

गिरगावातून: संध्याकाळी नदीपलीकडे गाया (Gaia) शहरातल्या पोर्टच्या तळघरांत जा. आंबणं मध्येच थांबवायला द्राक्षाचं स्पिरिट घालतात, म्हणून पोर्ट गोड नि साधारण २० टक्के अल्कोहोलची, तेव्हा सावकाश घ्या. २० वर्षांची टॉनी (लाकडी पिंपात मुरवलेली पोर्ट) सोडू नका, ग्लास रिकामा झाला तरी अक्रोड-अंजिराचा वास रेंगाळतो.

दादरहून: ठरलं मग, ट्रेनच!