इम्पोर्टेड लागर: चव बाटलीतली की लेबलावरची?

गच्चीवरचा_भोलानाथ
परवा शनिवारी आमच्या गच्चीवर वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. एका मित्राने (आपण त्याला शेठ म्हणू) युरोपातून आलेल्या लागरच्या (गारव्यात आंबवून मुरवलेली बीअर) सहा बाटल्या आणल्या. हिरवी काच, ३३० मिली, एकेक ४२० रुपये. नाव मुद्दाम देत नाही. शेठ म्हणाला, "ही एकदा प्यायलास की इथली घशाखाली उतरणार नाही." मी म्हटलं, मग न बघता ठरवू.

रंग दिसू नये म्हणून स्टीलचे पेले घेतले. न पिणाऱ्या वहिनींनी आतून भरून आणले. प्रत्येकासमोर तीन पेले: दोनांत एकच बीअर, तिसऱ्यात दुसरी. आधी वेगळा पेला ओळखायचा, मग इम्पोर्टेड कुठली ते सांगायचं. सहापैकी पाच जणांनी वेगळा पेला नुसत्या वासावर ओळखला. एका बीअरला जळक्या रबरासारखा वास येत होता, आणि पाचही जणांनी तीच "इथली" ठरवली. शेठसकट! खरं तर ती ४२० वाली होती.

माझं मत सरळ आहे. लागर म्हणजे पावासारखी, जवळच्या भट्टीतली आणि ताजी घ्यावी. ती जहाजात मुरत नाही, शिळी होते. वर भरमसाट आयात शुल्क आणि राज्याचा अबकारी कर. ४२० रुपयांत बीअर कितीची, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

डबल_स्ट्राँग
४२० रुपयांत पाव लिटरपेक्षा जराशी जास्त, तीही पाच टक्के अल्कोहोलची? यात चर्चा कसली करताय?

प्लझेनचा_पाहुणा
साफ असहमत. भोलानाथ, तुम्ही बीअर चाखलीच नाहीत, दुकानातली ट्यूबलाइट चाखलीत.

हॉप्समधल्या (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं. ते इतकं उग्र असतं की कणभरही नाकाला कळतं. उन्हात ठेवलेल्या ग्लासात हे काही मिनिटांत होतं. तपकिरी काच तो प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक तर नाहीच. म्हणून मिलर या अमेरिकी बीअरवाले पारदर्शक बाटलीसाठी हॉप्सचा अर्कच बदलून वापरतात. यात युरोपचा दोष नाही आणि प्रवासाचाही नाही. तीच लागर कॅनमधून आली असती तर हा वास आलाच नसता.

मी कामानिमित्त दोन वर्षं चेक प्रजासत्ताकात होतो. १८३८ साली तिथल्या प्लझेन शहरातल्या लोकांनी खराब निघालेल्या बीअरची ३६ पिंपं नगरपालिकेसमोर ओतून दिली होती. नंतर त्यांनी नवी ब्रुअरी काढली आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा माणूस आणला. त्याने १८४२ मध्ये तिथलं मऊ (कमी क्षारांचं) पाणी, फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) आणि झाटेत्स गावचे हॉप्स घेऊन जी बीअर केली, तिची नक्कल आज जगभर चाललीय. पाणी, हॉप्स, गार तळघरात आठवडेच्या आठवडे मुरवणं, याला काहीच अर्थ नाही असं एका गच्चीवरून कसं ठरवता?

गच्चीवरचा_भोलानाथ
इतिहास आवडला, पण प्लझेनची पाइपलाइन कोथरूडला आलेली नाही. मला दुकानात जी मिळते, जिच्यावर "इम्पोर्टेड" म्हणून जास्त पैसे घेतात, तीच मी चाखणार ना? ती बाटली काचेच्या फ्रिजमध्ये चोवीस तास दिव्याखाली उभी होती. मागच्या बाजूला भरल्याची तारीख होती, सात महिन्यांपूर्वीची. शेठने ती वाचलीच नव्हती, तो पुढचं लेबल वाचत होता.

गणितमास्तर
तीन पेल्यांत नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश, म्हणजे सहा जणांत दोघं तसेही जिंकणार. पाच किंवा त्याहून जास्त जण नशिबाने जिंकण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आत. निकाल दमदार आहे. फक्त एक शंका: सगळे एकाच वेळी पीत होते का? पहिल्याने नाक मुरडलं की बाकीच्यांचा पेपर फुटतो.

सोलकढी
मास्तरांची शंका रास्त. माझी वेगळी: चखना काय होता? मसाला पापड आणि कांदा असेल तर पिल्सनर (प्लझेनच्या धर्तीची लागर) काय, गोमूत्रही ओळखू येणार नाही.

आणि "इम्पोर्टेड" या शब्दाची गंमत बघा. आमच्या ऑफिसात हायनिकेन बीअरला सर्रास इम्पोर्टेड म्हणतात. ती २०११ पासून आपल्या तळोज्यात बनते. पनवेलहून रिक्षाने जाता येईल! म्हणजे लोक हॉलंडच्या नावाचे पैसे देतात आणि पितात मात्र ताजी. भोलानाथांचा मुद्दा या एका बाटलीपुरता तरी खरा आहे.

प्लझेनचा_पाहुणा
तळोज्याची ताजी असेल, पण ती परवान्यावर बनते, ती मूळ जागा नाही. हा फरक मी सोडणार नाही.

स्टीलच्या पेल्याचाही मुद्दा राहिलाच. तिकडे फेसाशिवाय बीअर दिली तर गिऱ्हाईक परत पाठवतं. नळाखाली तीन बोटं दाट फेस आधी, मग त्याच्याखालून बीअर. त्या फेसाने हवा आत जात नाही, वास टिकतो. आपल्याकडे ग्लास तिरका धरून फेस मारतात, आणि आला तर वेटरवर ओरडतात, "आधी बीअर भर रे!" वर बर्फगार. सात-आठ अंशांना पिऊन बघा, माल्टचा गोडवा तेव्हा कळतो. दात बधिर झाल्यावर सगळ्या लागर सारख्याच.

डबल_स्ट्राँग
मे महिन्यात आठ अंशांची बीअर? तुम्ही परत जा प्लझेनला.

गच्चीवरचा_भोलानाथ
मास्तर, हो, सगळे एकत्रच पीत होते, आणि आमच्यातला एक जण वास आल्यावर "अरे काय मेलंय का इथे" असं मोठ्याने म्हणाला. तेवढे मार्क कापा. सोलकढी, चखना खारे शेंगदाणेच होते, पण कुणीतरी मिरचीचं लोणचं आणलं होतं हे कबूल करतो.

पाहुण्यांचं कॅनचं म्हणणं पटलं. पुढच्या शनिवारी तीच लागर कॅनमधली, तारीख बघून, काचेच्या ग्लासात फेसासकट, एकेकाला आत बोलावून. हरलो तर इथेच लिहीन. पण ४२० ला तीन महिन्यांच्या आतला कॅन दुकानात शोधून दाखवा. मी चार दुकानं फिरलोय, एकातच मिळाला.

शेठ येणार नाही म्हणतोय. त्याच्या सहाही रिकाम्या बाटल्या आमच्याकडेच राहिल्या. बायकोने खिडकीत त्यांच्यात मनी प्लांट लावलाय. जोमात वाढतोय, हिरव्या काचेतून ऊन छान येतं म्हणे.