पाहुणा म्हणून आलेल्या राष्ट्रप्रमुखाला अटक करावी का? (जोहान्सबर्ग, जून २०१५)

सातारची लेक

मुलगी पुण्यात लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. पुढच्या मंगळवारी कॉलेजात मूट कोर्ट (सरावाचा खटला) आहे आणि तिच्या वाट्याला जी बाजू आली ती अशी, की परदेशी राष्ट्रप्रमुख देशात आला तर यजमान देशाने त्याला हात लावू नये. काल जेवताना ती मुद्दे सांगत होती आणि माझा घास हातातच राहिला. कारण ज्या प्रकरणावर ती बोलत होती, ते घडलं तेव्हा मी तिथे राहत होते.

२०१२ ते २०१७ आम्ही दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनला होतो. प्रिटोरियाला अगदी लागून आहे. वॉटरक्लूफचा हवाई दलाचा तळ तिथून जवळच, त्यामुळे विमानांच्या आवाजाची सवय झालेली. २०१५ च्या जूनमध्ये जोहान्सबर्गच्या सँडटन भागात आफ्रिकन युनियनची शिखर परिषद भरली. सुदानचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर शनिवारी, १३ तारखेला आले. त्यांच्या नावावर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची दोन वॉरंटं होती: २००९ चं युद्धगुन्ह्यांचं आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचं, आणि २०१० चं वंशसंहाराचं. सगळं सुदानच्या पश्चिमेकडच्या दार्फूर प्रांतातलं. दक्षिण आफ्रिका त्या न्यायालयाची सदस्य आहे. तिने २००२ मध्ये स्वतःच्या संसदेत कायदा करून अशा माणसाला पकडायची जबाबदारी आपणहून अंगावर घेतलेली.

आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये दार्फूरची एक बाई राहायची. न्यालाजवळच्या एका गावातली. तिची मुलगी आणि माझी मुलगी एका वर्गात, म्हणून आळीपाळीने शाळेत सोडायचो. गावाचं काय झालं हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, गाडीत, सिग्नलला उभं असताना. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

रविवारी प्रिटोरियाचं हायकोर्ट सुट्टी असून उघडलं. एका स्वयंसेवी संस्थेने अर्ज केला होता. न्यायाधीशांनी आदेश दिला की निकाल लागेपर्यंत बशीर यांना देशाबाहेर जाऊ देऊ नका. सोमवारी तीन न्यायाधीशांसमोर सुनावणी. त्या दिवशी ती माझ्याकडे आली. तिकडचा जून म्हणजे कडाक्याची थंडी, कोरडी हवा, बाहेरचं गवत वाळून पिवळंधमक. ओट्यावर रेडिओ लावलेला. मी तिच्या पद्धतीचा बिनदुधाचा, लवंग घातलेला चहा केला. तिने काचेचा पेला दोन्ही तळव्यांत धरला आणि तसाच धरून बसली. मी दोनदा गरम करून दिला, दोन्ही वेळा गार झाला.

दुपारी कोर्टाने सांगितलं, अटक करा. आणि आदेश झाल्यावर सरकारी वकिलांनी कोर्टाला कळवलं, ते निघून गेलेत. वॉटरक्लूफवरून. म्हणजे सुनावणी चालू होती तेव्हा विमान आमच्याच डोक्यावरून गेलं असणार.

तिने रेडिओ बंद केला. उठली, पेला विसळला, पालथा घातला. मग म्हणाली (इंग्रजीत बोलली, मी माझ्या शब्दांत सांगते), मला त्याची फाशी नको होती. कुणीतरी त्याचं नाव घेऊन हाक मारायला हवी होती, आणि त्याने उठून उभं राहायला हवं होतं. एवढंच.

आपल्याकडे कोर्टाच्या दारात पुकारा होतो ना, तो तिला ऐकायचा होता.

म्हणून विचारते. माझं मत आधीच सांगून टाकते, अटक करायला हवी होती. पण मुलीला उलट बाजू मांडायची आहे आणि मला ती बाजू नीट समजून घ्यायची आहे. जाणकारांनी सांगावं.

काळा कोट, नागपूर

ताई, मुलीची बाजू वाटते तितकी लंगडी नाही.

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: माणूस पदावर आहे की पायउतार झालाय? पदावर असेल तर दुसऱ्या देशाच्या स्वतःच्या कोर्टापुढे त्याला पूर्ण इम्युनिटी, म्हणजे खटल्यापासून संरक्षण, असते. बेल्जियमने १९९३ मध्ये असा कायदा केला होता की जगात कुठेही घडलेला युद्धगुन्हा आमच्याकडे चालवता येईल. त्याखाली २००० मध्ये काँगोच्या विद्यमान परराष्ट्रमंत्र्यांवर वॉरंट काढलं. काँगो आंतरराष्ट्रीय न्यायालयात (देशादेशांतले वाद ऐकणारं, फौजदारी न्यायालयाहून वेगळं) गेला आणि १४ फेब्रुवारी २००२ ला जिंकला. न्यायालय म्हणालं, पदावर असेपर्यंत हात लावता येणार नाही. पुढच्याच वर्षी बेल्जियमने तो कायदा गुंडाळला.

पायउतार झालेल्याचं उदाहरण म्हणजे चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे. पाठीच्या ऑपरेशनसाठी लंडनला गेलेले, १६ ऑक्टोबर १९९८ ला रात्री तिथेच अटक झाली, स्पॅनिश न्यायाधीश गार्झोन यांच्या वॉरंटवर. हाउस ऑफ लॉर्ड्सने पहिल्यांदा ३ विरुद्ध २ असा निकाल दिला. पण एका न्यायमूर्तींचे प्रकरणात उतरलेल्या मानवी हक्क संघटनेशी, म्हणजे अ‍ॅम्नेस्टीशी संबंध होते हे पुढे आलं आणि तो निकाल रद्द करावा लागला. पुन्हा सुनावणी, आणि २४ मार्च १९९९ ला ६ विरुद्ध १. माजी राष्ट्रप्रमुखाला छळाच्या गुन्ह्यात संरक्षण नाही, पण ८ डिसेंबर १९८८ नंतरच्याच आरोपांपुरतं. ती तारीख ब्रिटनने छळविरोधी करार स्वीकारल्याची. चिलीतला बंड आणि कत्तल १९७३ ची! बहुतेक आरोप तिथेच गळाले. शेवटी मार्च २००० मध्ये प्रकृतीच्या कारणावरून सोडलं आणि सँटियागोच्या विमानतळावर ते व्हीलचेअरमधून उठून चालू लागले.

तरी मी त्या खटल्याला अपयश म्हणत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चिलीच्या सुप्रीम कोर्टाने त्यांची इम्युनिटी काढली. लंडनच्या अटकेआधी ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. २००६ मध्ये ते गेले, शिक्षा न होता, पण आरोपी म्हणून गेले.

बशीर यांचं प्रकरण तिसऱ्या प्रकारचं. पदावर असलेला माणूस, पण वॉरंट आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं. ते न्यायालय ज्या करारावर उभं आहे त्या रोम कराराचं कलम २७ म्हणतं, पद आडवं येणार नाही. कलम ९८ म्हणतं, यजमान देशाचं दुसऱ्या देशाशी असलेलं कर्तव्य मोडेल अशी मागणी न्यायालयाने करू नये. सुदान त्या न्यायालयाचा सदस्यच नव्हता. मुलीने ९८ ला घट्ट धरावं. तिला आणखी एक आधार सांगतो. मार्च २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अपील कोर्टाने सरकारला चूक ठरवलं, पण त्याच निकालात मान्य केलं की रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याने अशी इम्युनिटी असतेच, आम्ही ती आमच्या २००२ च्या कायद्याने काढून घेतली आहे. म्हणजे तसा कायदा नसलेल्या देशाचं काय? तिथे तिला वाव आहे. समोरचा मात्र मे २०१९ चा जॉर्डनबद्दलचा निकाल फेकेल (जॉर्डननेही बशीर यांना धरलं नव्हतं). त्यात हेगच्या अपील पीठाने सांगितलं की आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे राष्ट्रप्रमुखाची इम्युनिटी चालत नाही. त्याची तयारी ठेवा.

बडोदेकर

मी कायद्याचा माणूस नाही. पण हा प्रश्न आला की मला आमच्या बडोद्याची गादी आठवते, आणि मन अटकेच्या बाजूला सहज जात नाही.

९ नोव्हेंबर १८७४. इथला इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून आला, नेहमीप्रमाणे पपनसाच्या सरबताचा पेला ठेवलेला होता. दोन-तीन घोट घेतले, बरं वाटेना म्हणून उरलेलं फेकलं, आणि तळाशी गाळ दिसला. तो गाळ मुंबईला तपासायला गेला. सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड निघाली. आळ आला मल्हारराव गायकवाडांवर, आणि राज्य करत असलेल्या राजाला त्याच्याच राजधानीत धरून चौकशीला उभं केलं.

मंडळात सहा जण. तीन इंग्रज, तीन आपले: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. वकील थेट लंडनहून आणला होता. तिन्ही इंग्रज म्हणाले दोषी, तिन्ही आपले म्हणाले सिद्ध झालं नाही. तीन विरुद्ध तीन. तरी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना काढलंच, कारण फक्त बदललं. विषप्रयोग नाही, गैरकारभार. मद्रासला नेऊन ठेवलं, तिथेच ते वारले. राजे म्हणून ते चांगले होते असं मी म्हणत नाही, रयत खरोखर गांजली होती.

आता पुढचं बघा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा दत्तक आणून गादीवर बसवला, तेच आपले सयाजीराव. १९१२ मध्ये लंडनच्या कोर्टात एका घटस्फोटाच्या दाव्यात त्यांचं नाव गोवलं गेलं. तेव्हा इंग्रज न्यायाधीशाने काय म्हणावं? गायकवाड हे राज्यकर्ते आहेत, त्यांना आमच्या कोर्टात ओढता येत नाही!

गादी एकच. १८७५ ला राजा आरोपी होऊ शकतो, १९१२ ला होऊ शकत नाही. इंग्रजांना जेव्हा जे सोयीचं तेव्हा तो कायदा. म्हणून विचारतो, ताई, हेगचं वॉरंट निघालं की बलाढ्य देशाच्या माणसाला कोण धरतं? सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन मंगोलियाला जाऊन आले. मंगोलिया सदस्य आहे, वॉरंट मार्च २०२३ पासून आहे, आणि उलानबातरच्या चौकात त्यांना मानवंदना दिली गेली. मंगोलियाने तरी काय करावं? दोनच शेजारी, एक रशिया आणि एक चीन. जो कायदा दुबळ्यालाच धरतो तो आमच्या लोकांनी भोगलेला आहे.

माजी सुभेदार

मी सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होतो, आपली तुकडी मलाकालला असायची. तेव्हा दक्षिण सुदान वेगळा झाला नव्हता.

४ मार्च २००९ ला पहिलं वॉरंट निघालं. खार्तूमने त्यानंतर लगेच १३ परदेशी मदत संस्थांना देशाबाहेर काढलं. पाणी, दवाखाने, धान्य जे लोक चालवत होते तेच गेले. हेगमध्ये कागदावर सही झाली, भोगलं छावणीतल्या बायकापोरांनी. २०१५ ला दक्षिण आफ्रिकेचे जवान दार्फूरमध्ये तैनात होते, हेही विसरू नका. बशीरला जोहान्सबर्गला बेड्या पडल्या असत्या तर त्या पोरांचं काय झालं असतं, हा विचार सरकारच्या डोक्यात आला नसेल असं मला वाटत नाही.

म्हणून माझं सरळ मत: धरायचं नसेल तर बोलवू नका. घरात घेऊन मागच्या दाराने सोडायचं, ते सगळ्यात वाईट. कोर्टाचीही अब्रू गेली आणि पाहुण्याचीही.

सातारची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीने कलम ९८ वर अर्धी वही भरली आहे.

सुभेदारसाहेब, १३ संस्थांचं त्या दार्फूरच्या मैत्रिणीने मलाही सांगितलं होतं. तिची मावशी कालमाच्या छावणीत होती. तरी तिला वॉरंट हवंच होतं. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली होती, की उपाशी आम्ही आधीही होतो. बाहेर बसून आपण त्यांच्या वतीने भ्यायचं, हे मला नंतर कधी जमलं नाही. पण तुमचं मागच्या दाराचं वाक्य मी मुलीला वाचून दाखवलं. माझा राग नेमका तोच आहे. बशीर ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीलाही येऊन गेले, भारत-आफ्रिका शिखर परिषदेला. आपण त्या न्यायालयाचे सदस्य नाही, आपल्यावर कायद्याने काही बंधन नव्हतं. मला ते टीव्हीवर पाहून वाईट वाटलं, पण आपण शब्द मोडला असं म्हणता आलं नाही. दक्षिण आफ्रिकेने शब्द दिला होता.

बडोदेकर काका, तुमचं लिहिलेलं मी तीनदा वाचलं. मंगोलियाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. पण एक सांगते. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिक्सची परिषद पुन्हा त्याच सँडटनला होती, आणि पुतिन आले नाहीत. परराष्ट्रमंत्र्यांना पाठवलं, स्वतः पडद्यावरून बोलले. आठ वर्षांपूर्वीचा तो कोर्टाचा आदेश वाया गेला असं मला तोवर वाटत होतं. तो तिथेच उभा होता, दारात. दुबळ्यालाच धरतात म्हणून कुणालाच धरू नये, हे मी तिच्यासमोर बसून म्हणू शकणार नाही. मल्हाररावांच्या मंडळात तीन आपले होते म्हणून निदान तीन मतं विरुद्ध पडली. खुर्च्यांवर कोण बसतं त्यावर भांडूया, खुर्च्याच नकोत असं नको.

ती आता कॅनडात आहे. बशीर २०१९ मध्ये सत्तेवरून गेले, देशातच पैशांच्या प्रकरणात शिक्षा झाली, पण हेगला कुणी पाठवलं नाही, आणि एप्रिल २०२३ पासून तिकडे पुन्हा युद्ध पेटलं. मात्र ६ ऑक्टोबर २०२५ ला जंजावीदचा (दार्फूरमधल्या सरकारधार्जिण्या सशस्त्र टोळ्यांचा) म्होरक्या अली कुशैब हेगमध्ये दोषी ठरला, २७ आरोपांत. दार्फूरबद्दल त्या न्यायालयाने कुणाला दोषी ठरवल्याचा हा पहिलाच निकाल. तिने मला त्या निकालाच्या थेट प्रक्षेपणाचा फोटो पाठवला, लॅपटॉपच्या पडद्याचा, तिरका काढलेला. तो माणूस कानाला हेडफोन लावून बसलाय आणि पडद्याच्या कडेला तिचा चहाचा पेला दिसतोय. खाली दोनच शब्द: नाव घेतलं.

वकीलसाहेब, सयाजीरावांचा तो १९१२ चा निकाल मुलीला कुठे वाचायला मिळेल? तिला तो तिच्या बाजूने वापरायचा आहे, आणि मंगळवारच्या आत हवाय.