मदत हवी आहे: ब्रश कटर घ्यायचाय, टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? आणि पेट्रोलचं काय?

मातीचे_हात

नमस्कार मंडळी.

घरामागची साधारण अर्धा एकर जागा गवताने भरून जाते. थोडा भाग सपाट, बाकी उतार, मध्ये झाडं आणि दगड. त्यामुळे चाकांचं मॉवर बाद. खांद्याला अडकवायचा ब्रश कटर घ्यायचा हे ठरलंय. गवत बहुतेक वेळा गुडघ्याएवढं असतं, पण दुर्लक्ष झालं की कंबरेपर्यंत येतं आणि खालचे बुंधे चिवट होतात. काम मीच करणार आहे, त्यामुळे फार जड यंत्र झेपणार नाही.

गोंधळ असा आहे. एक दुकानदार म्हणतो ५२ सीसी टू स्ट्रोक घ्या, जेवढे सीसी जास्त तेवढा दम जास्त. दुसरा म्हणतो ३५ सीसी फोर स्ट्रोक घ्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. तिसऱ्याने असं यंत्र दाखवलं की जे फोर स्ट्रोक आहे, पण पेट्रोल मात्र ऑइल मिसळूनच घालायचं! हे कसं काय?

शिवाय घरात एक जुना टू स्ट्रोक हेज ट्रिमर (कुंपण छाटायचं यंत्र) पडून आहे. चोकवर सुरू होतो, चोक काढून रेस दिली की मरतो. हा पेट्रोलचाच दोष असेल, तर नवं यंत्र घेऊनही तेच होणार. म्हणून दोन्ही एकाच धाग्यात विचारतेय.

फिरकी

ताई, सरळ बॅटरीवालं बघा. प्लग नाही, कार्बोरेटर नाही, दोरी ओढून खांदा दुखवायला नको. पेट्रोलच्या भानगडीला माझा कधीच रामराम.

मातीचे_हात

@फिरकी, कुंपणाच्या छाटणीला बॅटरी चालेल. पण कंबरेएवढ्या ओल्या गवतात एका चार्जवर किती जागा निघेल, शंकाच आहे. हा धागा पेट्रोलपुरताच ठेवू या का?

जुना_मिस्त्री

सीसीच्या मागे लागू नका. गुडघ्याएवढ्या गवताला नायलॉन दोरी लावून २५ ते ३५ सीसी पुरतं. ४० च्या पुढचं इंजिन झुडपांसाठी, लोखंडी पातं लावून तासन्‌तास काम करणाऱ्यासाठी. ५२ चं यंत्र अंगावर घेतलं की वजन, थरथर आणि पेट्रोल, तिन्ही वाढतं. तुलना करायचीच तर किलोवॅट बघा आणि तो आकडा किती आरपीएमला लिहिलाय तेही बघा. होंडाचं जीएक्स३५ घ्या उदाहरणाला: ३५.८ सीसी, ७००० आरपीएमला साधारण १ किलोवॅट. तुमच्या गवताला हे भरपूर झालं.

आता टू की फोर. टू स्ट्रोक दर फेऱ्याला पेटतं, त्यात व्हॉल्व्ह नाहीत, ऑइलची वेगळी टाकी नाही. म्हणून ताकदीच्या मानाने हलकं, आणि कसंही आडवंतिडवं धरा, चालतं. फोर स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. पेट्रोल कमी खातं, धूर कमी, आवाजही जरा सुसह्य. पण त्याची कटकट दुकानदार सांगत नाही, ती मी सांगतो. या छोट्या इंजिनांच्या पोटात ऑइल असतं जेमतेम १०० मिली. मोटारीत अर्धा लिटर कमी झालं तरी गाडी चालते, इथे थोडं जरी कमी झालं तरी उरतं काय? दर वेळी सुरू करण्याआधी, यंत्र सपाट ठेवून, झाकण उघडून पातळी बघायची. बघणार असाल तरच फोर स्ट्रोक घ्या. जीएक्स३५ ला पहिलं ऑइल १० तासांनी किंवा महिन्याभरात बदलायचं, नंतर दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. ऑइल १०डब्ल्यू-३०. शिवाय कधीतरी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करावे लागतात.

तुमच्याकडे उतार आहे म्हणून अजून एक. सगळी फोर स्ट्रोक कशीही तिरकी करून चालत नाहीत. ३६० अंशांत चालणारं आहे का हे माहितीपत्रकात स्वतः वाचा. नसेल तर उतारावर ऑइल भलतीकडे जातं.

तिसऱ्याने दाखवलं ते श्टीलच्या ४-मिक्ससारखं असणार. त्यात व्हॉल्व्ह आहेत, चार स्ट्रोक आहेत, पण पोटात ऑइलच नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच आतले भाग भिजवतं, म्हणून मिश्रणच घालायचं. फोर स्ट्रोक आहे म्हणून कुणी त्यात नुसतं पेट्रोल ओतलं तर इंजिन गेलं.

माझं मत विचाराल तर प्रश्न टू की फोर हा नाहीच. यंत्र महिन्यातून किती वेळा चालणार, आणि मधल्या दिवसांत टाकीत काय पडून राहणार, हे आधी सांगा.

मातीचे_हात

काका, खूप आभार. गवताच्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांतून एकदा चालेल. नंतर काही महिने नुसतं पडून राहील.

टाकीतळ

मग पेट्रोलचंच नीट बोलू या. ही इंजिनं झिजून मरतात त्याहून जास्त पडून पडून मरतात.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता बहुतेक ठिकाणी इथेनॉल असतं. ई१० म्हणजे १० टक्क्यांपर्यंत, ई२० म्हणजे २० टक्के. छोट्या इंजिनांचे बहुतेक उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात, त्यामुळे यंत्र घेताना माहितीपत्रकात हा आकडा शोधा. सापडला नाही तर विक्रेत्याकडून लेखी घ्या.

इथेनॉल तीन प्रकारे नडतं. एक, त्यात मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा, शुद्ध इथेनॉलला ९. गाडीतलं फ्युएल इंजेक्शन हा फरक सांभाळून घेतं, या कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल येण्याचं बारीक छिद्र) ठरलेलाच. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. दोन, जुन्या प्रकारचं रबर आणि कार्बोरेटरमधले पातळ पडदे फुगतात, नंतर कडक होतात. तीन, आणि टू स्ट्रोकला हे सगळ्यात वाईट: इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. आता टाकीतली नळी आणि तिच्या टोकाचा जड फिल्टर कुठे लोळतो? तळाला! म्हणजे इंजिन पहिला घोट घेतं तो बिनऑइलचा.

पारदर्शक डब्यात मिश्रण भरून उजेडात धरा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा सगळंच गढूळ दिसलं तर ते यंत्रात घालू नका. हलवून एकजीव करायच्या फंदात पडू नका, ते पुन्हा वेगळं होतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हे घरी ढोबळ बघता येतं. मोकळ्या हवेत, आगीपासून लांब, खुणा असलेल्या उभ्या नळकांड्यात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, झाकण लावून हलवा, स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १० चा १९ झाला तर पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के, २८ झाला तर २० टक्के. हे फक्त तपासायला. काही जण असं धुतलेलं पेट्रोल वापरतात, ते करू नका, ऑक्टेन घसरतो आणि पाण्याचा अंश राहतो तो वेगळाच.

जिथे मिळतं तिथे अल्किलेट पेट्रोल घ्यावं. ॲस्पेन किंवा मोटोमिक्स या नावांनी डब्यात येतं, इथेनॉल नाही, न उघडलेला डबा काही वर्षं टिकतो. महाग आहे, पण वर्षाला चार-पाच लिटरच लागत असेल तर हिशेब जुळतो. निदान हंगाम संपताना शेवटची टाकी त्याची चालवून यंत्र ठेवून द्या.

फिरकी

ऑइलच्या बाबतीत एक सोपा उपाय ऐकलाय. प्रमाणापेक्षा थोडं जास्तच टाकायचं, म्हणजे इंजिन सीझ (जाम) व्हायची भीतीच नाही. खरं का?

जुना_मिस्त्री

नाही. ऑइल वाढलं म्हणजे तेवढ्याच मापात पेट्रोल कमी आलं, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळच झालं. वर प्लग काळा, सायलेन्सरच्या जाळीवर कार्बन. यंत्रावर जे प्रमाण लिहिलंय तेच. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५, २५:१ म्हणजे ४०. अंदाजपंचे नको, औषधाची सिरिंज वापरा. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल. यंत्राच्या टाकीत कधीही मिसळू नका.

ऑइलच्या डब्यावर जासो एफडी किंवा आयएसओ ईजीडी ही दर्जाची खूण बघा, एफसीही चालतं. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं नको. ते पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनाचं, आपली हवेने थंड होतात. आणि मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा. डब्यावर तारीख लिहा.

टाकीतळ

काकांशी सहमत. इंजिन गरम असताना टाकी भरू नये हे ताईंना सांगायला नकोच, तरी लिहून ठेवतो.

आता हेज ट्रिमर. चोकवर चालतो आणि चोक काढल्यावर मरतो म्हणजे त्याला पेट्रोल कमी मिळतंय. स्वस्तापासून सुरुवात करा. आधी जुनं पेट्रोल काढून ताजं मिश्रण. मग टाकीचं झाकण किंचित सैल करून रेस द्या. तसं चाललं तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. नाही चाललं तर तारेच्या आकड्याने टाकीतला फिल्टर बाहेर काढून बघा, नळी चिरली आहे का तेही बघा. तरीही तेच तर कार्बोरेटरमधले पडदे.

रेस घेतो, पण फुल रेसला दमतो, असं असतं तर मी आधी सायलेन्सरची जाळी बघायला सांगितली असती.

जुना_मिस्त्री

एवढ्यात सायलेन्सर काढायची वेळ आलीच तर एक काम करा. त्या भोकातून टॉर्च मारून पिस्टन बघा, दोरी हळू ओढत. बाजू गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर पैसे घाला. उभे ओरखडे असतील तर कार्बोरेटर कितीही साफ करा, उपयोग नाही.

मातीचे_हात

सगळं क्रमाने केलं. झाकण सैल करून फरक नाही. फिल्टर तपकिरी झाला होता, बदलला, नळीही बदलली. आता थोडी रेस घेतो, पण दाबून धरली की पुन्हा मरतो. पिस्टन पाहिला, ओरखडे नाहीत. कार्बोरेटर उघडला तर मधे धातूचा ठिपका असलेला पडदा पापडासारखा कडक, दाबला की खुळखुळतो. नव्या पडद्यांचा संच आणलाय. पण दोन्ही बाजूंना पडदा आणि गॅस्केट अशी जोडी आहे. आधी काय, नंतर काय? काढताना सगळं चिकटून एकत्रच आलं.

टाकीतळ

दोन्ही बाजूंचा क्रम उलटा असतो, इथेच लोक फसतात. धातूचा ठिपका असलेल्या बाजूला आधी कार्बोरेटरला लागून गॅस्केट, त्यावर पडदा, मग झाकण. दुसऱ्या बाजूला, जिथे पडद्याला कापलेल्या जिभा आहेत, तिथे आधी कार्बोरेटरला लागून पडदा, त्यावर गॅस्केट, मग झाकण. बहुतेक वॉलब्रो आणि झामा कार्बोरेटरना हाच क्रम. संचाबरोबर आकृती आली असेल तर ती शेवटचा शब्द.

बारीक छिद्रांत तार घालू नका. स्प्रे मारायचा असेल तर पडदे बसवायच्या आधी. आणि स्प्रे मारताना डोळ्यांना चष्मा लावा, एका छिद्रात मारलं की भलत्याच छिद्रातून तोंडावर येतं.

मातीचे_हात

बसवला. चोक काढल्यावर चालतोय, रेस दाबून धरली तरी मरत नाही. सोडल्यावर मात्र पातं थांबायला हवं ना? ते हळूहळू सरकत राहतंय.

जुना_मिस्त्री

आयडलिंग (रेस सोडल्यावरचा वेग) जास्त आहे. टी किंवा एलए लिहिलेला स्क्रू हळूहळू सैल करा, पातं पूर्ण थांबेपर्यंत. इंजिन गरम झाल्यावर करा. तोवर एल आणि एच या पेट्रोलच्या स्क्रूंना हात लावू नका. एवढं करूनही सरकतच राहिलं तर क्लचची स्प्रिंग ढिली झाली असेल, तिथे स्क्रूने भागणार नाही.

नव्या यंत्राचं काय ठरलं?

मातीचे_हात

स्क्रू अर्ध्या वळणाहून कमी सैल केला, पातं थांबलं.

नवं ३५ सीसी फोर स्ट्रोक घेतेय, ३६० अंशवालं. माहितीपत्रकात ई१० पर्यंतच मान्यता आहे, म्हणून हंगामाच्या शेवटी अल्किलेटचा डबा. ट्रिमरचं मिश्रण वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेवणार. दोन्ही डब्यांवर यंत्राचं नाव लिहू का, की त्यात काय आहे ते लिहू?

टाकीतळ

दोन्ही लिहा. फोर स्ट्रोकमध्ये चुकून मिश्रण गेलं तर धूर येईल, प्लग काळा होईल, बास. ट्रिमरमध्ये नुसतं पेट्रोल गेलं तर इंजिन जागच्या जागी सीझ. म्हणून साध्या पेट्रोलच्या डब्यावर मोठ्या अक्षरात "ट्रिमरमध्ये नको".